एअर पिस्तुलाची लाकडी मूठ घरी घडवायची तर

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या निशाणावर दहाचं वर्तुळ जेमतेम 11.5 मि.मी. व्यासाचं असतं. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुंटीतलं आणि मागच्या खाचेतलं, अंतर साधारण 320 मि.मी. धरलं, तर पुढची साइट मागच्या खाचेत 0.2 मि.मी. सरकली तरी छर्रा सहा मि.मी.हून जास्त बाजूला जातो. सामन्यात असे साठ शॉट, तेही 75 मिनिटांत. दर वेळी हात वर आला की साइट आपसूक सरळ दिसायला हवी. ती मनगट पिळून सरळ करावी लागत असेल, तर सामना निम्म्यावर येईपर्यंत हात थकतो आणि साइट पुन्हा आपल्या मूळ वळणावर जाते. मूठ घडवायची ती एवढ्यासाठी. ती हाताला मऊ लागावी, देखणी दिसावी, हे मागाहून बघू.

इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या महूत सैन्याचं मार्क्समनशिप युनिट आहे. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारा विजय कुमार तिथेच तयार झाला. आता आपल्याकडे घरोघरची मुलं पिस्तूल हातात घेताहेत, आणि बहुतेकांना क्लबमधलं किंवा कुणाकडून तरी घेतलेलं पिस्तूल त्याच्या मूळ मुठीसकट वापरावं लागतं. कारखान्यातल्या मुठी लहान, मध्यम, मोठी अशा ठरलेल्या मापांत येतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाताला त्यातली लहानसुद्धा बरेचदा मोठीच होते. परदेशातून हाताच्या मापाची मूठ मागवता येते, पण ती महाग पडते आणि हात वाढला की पुन्हा तोच खर्च. थोडी सुतारकी येत असेल आणि घाई नसेल, तर ती घरी होते.

हा लेख स्पर्धेच्या 4.5 मि.मी. एअर पिस्तुलापुरताच आहे. त्याची मूठ एका-दोन स्क्रूंवर बसवलेला वेगळा भाग असते, ती काढली-घातली तरी यंत्राला धक्का लागत नाही. परवान्याच्या शस्त्राचं काहीही काम असेल तर ते परवानाधारक कारागिराकडेच न्यायचं. एअर पिस्तुलाच्याही धातूच्या भागाला कानस लावायची नाही. लाकूड बसत नसेल तर लाकूडच घासायचं. मूठ लावून बघताना दर वेळी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, हवेचं सिलिंडर काढून ठेवा, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घाला. लाकूड घ्यायला किंवा मिस्त्रीला विचारायला बाजारात जाताना फक्त जुनी मूठ पिशवीत टाका. पिस्तूल घरीच राहू द्या.

आधी नियम, मग कानस

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे संपूर्ण पिस्तूल, मुठीसकट, 420 × 200 × 50 मि.मी.च्या खोक्यात मावलं पाहिजे आणि वजन 1500 ग्रॅमच्या आत हवं. वजनाची अडचण सहसा येत नाही, बरीचशी पिस्तुलं किलोभराच्या आसपासच असतात. माणूस अडकतो तो त्या 50 मि.मी. रुंदीत. पाम शेल्फ, म्हणजे तळहाताच्या कडेला खालून आधार देणारी फळी, आणि अंगठ्याची टेकण, दोन्ही त्या मापात यायला हव्यात. म्हणून लाकडाला हात लावण्याआधी प्लायवूडचं तेवढ्या आतल्या मापाचं एक खोकं ठोकून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढे रोज उपयोगी पडतं.

बाकीचे नियम थोडक्यात: मुठीचा कोणताही भाग हाताच्या पलीकडे टेकता कामा नये आणि मनगट स्पष्टपणे मोकळं दिसलं पाहिजे. पाम शेल्फचा मुठीशी कोन 90 अंशांपेक्षा कमी नसावा, म्हणजे शेल्फ वर वळून हाताला कवटाळणारी नको. मुठीने हाताला चहूबाजूंनी वेढा घालायचा नाही. अंगठा वर उचलताना कुठे अडू नये. हे मुद्दे कागदावर लिहून कामाच्या टेबलासमोर चिकटवा, कारण लाकूड घडवायच्या नादात शेल्फची कड जरा वर वळवायचा मोह होतोच.

हात मोजायचा कसा

कोऱ्या कागदावर तळहात पालथा ठेवून, बोटं किंचित फाकवून, उभी धरलेली पेन्सिल भोवती फिरवा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी आणि चार बोटांच्या मुळांपाशी तळहाताची रुंदी त्यावर टिपा. हे माप सकाळी उठल्या उठल्या घेऊ नका. अर्धा तास सराव झाला की हात जरा फुगलेला असतो, खरं माप तेच. इंदूरच्या मे महिन्यातल्या आणि डिसेंबरातल्या हातातही फरक पडतो, त्यामुळे पुढे शेल्फला सरकायला जागा ठेवायची आहे.

सगळ्यात महत्त्वाचं माप ट्रिगरच्या अंतराचं. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर असं आलं पाहिजे की दाब सरळ मागे येईल. त्याच वेळी तर्जनीच्या मुळाची बाजू लाकडाला कुठेही टेकता कामा नये, मधून कागद सरकेल एवढी तरी फट हवी. बोट लाकडाला घासलं की ट्रिगर ओढताना अख्खं पिस्तूल कणभर ढकललं जातं, आणि बिचारा नेमबाज महिनोन्‌महिने ट्रिगरला दोष देत बसतो. ट्रिगरचं पातं पुढेमागे करता येत असेल तर आधी ते मधल्या जागी आणा आणि मग मोजा, म्हणजे नंतर दोन्ही बाजूंना वाव राहतो.

लाकडाआधी मातीची मूठ

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते निम्मी मूठ इथेच तयार होते. पॅकिंगच्या खोक्यातल्या पाईनचा एक बारीक गाभा करा, पिस्तुलाच्या सांगाड्यावर स्क्रूने बसेल एवढाच. त्यावर मुलांच्या खेळण्यातलं प्लॅस्टिसिन थापा. शाडू घरात असेल तरी ती नको, वाळून तडकते आणि दुसऱ्या दिवशी तिचा आकार बदललेला असतो. प्लॅस्टिसिन महिनाभर तसंच राहतं.

आता समोर कोरी भिंत. पायांची ठेवण नेहमीची. पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात सवयीने वर आणा, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. पुढची साइट खाचेत कुठे आहे? डावीकडे, उजवीकडे, खाली बुडालेली, वर डोकावणारी? सुधारायला जाऊ नका, फक्त टिपून ठेवा. मग एका जागी माती बोटभर जाड करा किंवा खरवडा, आणि पुन्हा डोळे मिटा. तळहाताच्या फुगवट्यावर माती वाढवली तर साइट कुठे जाते, अंगठ्याच्या मुळाशी कमी केली तर कुठे जाते, हे प्रत्येक हाताचं वेगळं असतं. दुसऱ्याच्या हाताचा नियम आपल्या हाताला लावून उपयोग नाही. एका वेळी एकच जागा बदलायची आणि तिचा परिणाम वहीत लिहायचा. काही दिवसांत ती वही तुमच्या हाताचा नकाशाच होते.

साइट सातत्याने वर किंवा खालीच राहत असेल, तर आधी पिस्तुलात मुठीचा कल बदलायची सोय आहे का ते बघा. बऱ्याच स्पर्धेच्या पिस्तुलांत असते. जे काम स्क्रूने होतं त्यासाठी लाकूड कापू नये.

लाकूड

कारखान्यातल्या बहुतेक मुठी अक्रोडाच्या असतात, आणि त्याला कारण आहे. अक्रोड मध्यम वजनाचा, रेषा एकसारखी, कुठल्याही दिशेने कापला तरी ढलपी सहसा उडत नाही आणि पावसाळ्यात फारसा फुगत नाही. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. पहिल्या मुठीला मी शिवण सुचवेन: हलकी, कापायला सोपी, वाळल्यावर स्थिर. तिच्यावर हात बसला की शीशम घ्या. शीशम कठीण आहे आणि कानशीला घाम काढायला लावतो, पण बारीक कडा सुद्धा टिकवतो.

साग सगळ्यांना आधी आठवतो, कारण घरात त्याचे तुकडे पडलेले असतात. मुठीसाठी तो माझा आवडता नाही. त्याच्या तेलकटपणामुळे अरल्डाइट नीट धरत नाही, चिकटवण्याआधी दर वेळी थिनरने पुसावं लागतं, आणि पातळ कडांना उभी चीर जाते. बिजा मात्र मुळीच नको. ज्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला निळसर-तपकिरी रंग येतो तेच हे लाकूड, घामाने तुमचा तळहातही रंगेल.

सर्वांत उत्तम लाकूड इंदुरात फुकटात मिळू शकतं. रामबाग, मल्हारगंजकडची जुनी घरं उतरवली जातात तेव्हा शीशमचे पलंगाचे खूर, दाराच्या चौकटी, कपाटांच्या कडा निघतात. चार-पाच दशकं वाळलेलं लाकूड कुठल्या वखारीत मिळणार? घेताना लोहचुंबक फिरवून बघा. आत मोडलेला खिळा असला की करवतीचं पातं जायचंच. आणि वाळवीची भुकटी गळतेय का ते ठोकून पाहा.

वखारीतून नवीन ठोकळा आणलात तर लगेच कापू नका. दोन्ही टोकांना मेण किंवा फेविकॉलचा थर द्या, म्हणजे टोकं आधी वाळून चिरणार नाहीत. मग दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड घरातल्या हवेशी जुळलं. साधारण 150 × 110 × 55 मि.मी.चा ठोकळा पुरतो. रेषा मुठीच्या लांबीतून उभी जाईल असा तो निवडा. आडवी रेषा आली तर अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यावर येणारी मागची चोच एक दिवस हातात तुटून येते. पाम शेल्फ वेगळ्या तुकड्याची करायची, तिची रेषा मग तिच्या लांबीतून घेता येते.

सांगाड्याची बैठक

ठोकळा चौकोनी आहे तोवरच हे काम उरकायचं. एकदा बाहेरून गोलाई आली की शिकंज्यात तो सरळ धरता येत नाही आणि गुण्या लावायला बाजू उरत नाही.

जुन्या मुठीवरून बैठकीची मापं घ्या, पण जुनी मूठ कापू नका. ती जपून ठेवा, सामन्याच्या तोंडावर नवी बिघडली तर तीच कामी येते. स्क्रूचं भोक ड्रिल प्रेसवर पाडून घ्या. हाताच्या ड्रिलने भोक एक अंशाने जरी तिरकं गेलं तरी मूठ कधीच घट्ट बसत नाही. स्वतःची मशीन नसेल तर ओळखीच्या मिस्त्रीकडे ठोकळा न्या, पाच मिनिटांचं काम असतं.

बाकीची खाच पटाशीने. रेषेच्या आत अर्धा मि.मी. ठेवून कापा आणि मग काजळ काढा. तेलात कालवलेल्या काजळाचा अगदी पातळ हात धातूच्या सांगाड्याला द्यायचा, सांगाडा लाकडात सरळ दाबायचा आणि उचलायचा. जिथे काळा ठिपका उमटला तिथेच लाकूड उंच आहे. तेवढाच ठिपका धारदार पटाशीने खरवडायचा, सांगाडा पुन्हा दाबायचा. सुरुवातीला दोन-तीन ठळक डाग उमटतात, मग ते पसरत जातात, आणि शेवटी सगळ्या बैठकीवर बारीक काळी जाळी दिसते. ती दिसली की थांबा. आता स्क्रू न लावताही मूठ सांगाड्यावर डुगडुगत नाही. स्क्रूने आवळून घट्ट केलेली सैल बैठक हवा दमट झाली की पुन्हा हलते, आणि तिचा दोष कुणालाच सापडत नाही. स्क्रूच्या डोक्याखाली धातूचा वॉशर घाला, नाहीतर डोकं हळूहळू लाकडात रुतत जातं.

घडवण्याचा क्रम

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानातून तीन वस्तू आणा: भरड अर्धगोल रास्प (लाकडासाठीची खरबरीत दातांची कानस), मध्यम अर्धगोल कानस आणि एक बारीक गोल कानस. विजेवर फिरणारं छोटं ग्राइंडर पहिल्या मुठीला नको, ते डोळा लवायच्या आत दोन मि.मी. खाऊन टाकतं. मास्क लावा. शीशमच्या भुशाने नाक चोंदतं आणि काहींच्या कातडीला खाज सुटते.

आधी मागचं बेचकं. पिस्तूल हातात जितकं उंच बसेल, नळी जितकी हाताच्या जवळ येईल, तितकी शॉटच्या वेळी पिस्तुलाची उडी कमी. बेचक्यात लाकूड सलग टेकलं पाहिजे, मध्ये पोकळी नको. मग तळहाताचा फुगवटा, मग मधल्या बोटाची जागा. या बोटावर पिस्तुलाचा भार असतो, ते ट्रिगर गार्डच्या खाली घट्ट टेकलं पाहिजे. अनामिका आणि करंगळी आपापली जागा शोधतात, त्यांच्यासाठी खोल खोबण्या कोरत बसू नका. बोटांच्या खोबण्या दिसायला छान, पण हात रोज कणभर वेगळा बसतो आणि मग खोबणीची कड बोटाला टोचायला लागते. अंगठ्याची टेकण सर्वांत शेवटी. अंगठ्याने दाबायचं नसतंच, तो नुसता पडून राहायला हवा.

लाकूड कुठून काढायचं हे डोळ्यांनी ठरवू नका. तळहातावर लिपस्टिक किंवा कुंकवाचं तेल पातळ लावून मूठ नेहमीच्या ताकदीने धरा आणि सोडा. रंग गडद उमटला तिथे दाब जास्त. तिथून कानशीचे दोन-चार हात मारा, पुसा, पुन्हा धरा. एका बैठकीत याहून जास्त काढायचं नाही. रात्री ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी ताज्या हाताने डोळे मिटून साइट बघा. मातीच्या मुठीची वही इथे समोर हवी.

जास्त निघालं तर घाबरायचं कारण नाही. एम-सील सारखी इपॉक्सी पुट्टी त्या जागी लावा, वर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म पसरा, हलक्या हाताने धरून आकार घ्या आणि पुट्टी पक्की व्हायच्या आत हात काढा. उघड्या हाताने पुट्टी मळू नका, हातमोजे घाला. मोठमोठ्या नेमबाजांच्या मुठींवर अशी ठिगळं दिसतात, त्यात कमीपणा काही नाही.

पाम शेल्फ खालून हाताला टेकते, आवळत नाही. ती उभ्या खाचेत दोन स्क्रूंवर वरखाली सरकेल अशी बसवा. हात ठेवल्यावर वर केसभर जागा असावी. शेल्फने हात चेमटला की नाडीचे ठोके साइटवर दिसायला लागतात. ती बसवून झाली की पिस्तूल प्लायवूडच्या खोक्यात घालून बघा.

लहान मुलासाठी करत असाल तर फुगवटा आणि शेल्फ दोन्ही बदलता येतील अशीच करा. वर्षभरात हात वाढतो.

पृष्ठभाग

120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, त्यापुढे जाऊ नका. आरशासारखी गुळगुळीत मूठ घामेजल्या हातात घसरते. तळहात आणि बोटं टेकतात तेवढ्या भागावर टोचणी करायची: जाड खिळ्याचं टोक घासून गोलसर करा आणि हलक्या हातोडीने ठिपके पाडत जा, एकमेकांना चिकटून, पण ओळीत नाही. ओळीत पडले की रेषेवर चीर जाते. कडेपासून चार-पाच मि.मी. आत थांबा. काम कंटाळवाणं आहे, दोन-तीन संध्याकाळी जातात, पण पकड याच्याने येते. बेचक्याच्या जागी टोचणी नको, तिथली कातडी नाजूक असते.

वार्निश, लॅकर, लाखेचं पॉलिश यातलं काहीही तळहाताखाली नको. वाळणारं जवसाचं तेल, हार्डवेअरवाल्याकडे उकळलेलं मिळतं ते, फडक्याने अगदी पातळ चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसून टाका, दोन दिवस वाळू द्या आणि पुन्हा. तीन हात पुरतात. बैठकीच्या आत आणि शेल्फच्या खालीही तेल द्या, दमट हवा तिथूनच आत शिरते. आणि हे मनावर घ्या: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर फारच. पाण्यात भिजवून, उघड्यावर पसरून वाळवा आणि मगच फेका.

नवी मूठ लावून पहिले दोन आठवडे स्कोअर मोजू नका. कोऱ्या भिंतीवर, छर्ऱ्याशिवाय सराव करा आणि हात कुठे दुखतो, कुठे लाल होतो ते वहीत लिहा. एकाच जागी सलग तीन दिवस लाल दिसलं तर तिथे कानस. एक दिवस दिसलं तर सोडून द्या.

पहिला पाऊस स्थिरावला की जुलैत एकदा, आणि थंडी संपताना एकदा, बैठकीचा स्क्रू तपासा. तेव्हाच मूठ पुन्हा खोक्यात घालून बघा, कारण फुगलेलं लाकूड 50 मि.मी.च्या काठावर असेल तर तपासणीच्या टेबलावर अडेल. काठावर ठेवूच नका, 49वर थांबा. सामन्याच्या पिशवीत मुठीची अ‍ॅलन की, एक जादा स्क्रू, 120चा पॉलिश पेपर आणि ती जुनी मूठ असू द्या.